उजव्या बाजूची खिडकी

लिंबाच्या सालीचा वास आला की मला आमचा विमानप्रवास आठवतो. आईला उपचारासाठी हैदराबादला न्यायचं होतं. तिच्यात माहेरी जाण्याइतकंही बळ उरलं नव्हतं. माहेर चोरखमाऱ्याच्या तलावाकाठी. निदान वरून तरी दिसावं म्हणून मी नकाशा पाहून उजव्या बाजूची, पंखापासून दूरची खिडकी निवडली. पण आई तिथे बसेना, कारण आमच्याकडे बसमध्ये खिडकी उलटी होणाऱ्याला देतात. "मले काऊन खिडकी? मी काय ओकून राहिली का?" म्हणत तिने मुठीतलं लिंबू दाखवलं. कशीबशी बसवली. विमानतळालगतची कामठ्याची शेतं मागे पडली आणि थोड्या वेळाने खाली तलाव चकाकला. "माय, पाह्य, तुहं माहेर!" तिने कपाळ काचेला टेकवलं. "माह्या बापाचं घर कोनतं, बाई?" मी तिच्या खांद्यावरून वाकून शोधलं; वरून सगळी घरं सारखीच दिसत होती. मग तिने विचारलं, "वापस येताना इथंच बसाचं ना?" "नाही माय, तेव्हा डावीकडे," मी म्हणाले; तेवढं मी आधीच पाहून ठेवलं होतं. आई वाचली नाही. तिला आम्ही रस्त्याने, रुग्णवाहिकेतून परत आणलं. गाडीच्या काचा पांढऱ्या रंगवलेल्या होत्या. तो रस्ता तलावाच्या कोणत्या बाजूने गेला असेल, हे मी अजूनही नकाशात पाहिलेलं नाही.