मुलीच्या हातावरचं टेंगूळ

अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवण्यात माझी एकवीस वर्षं गेली. नव्याने तयार झालेलं हाड काही पेशी पोखरून काढतात, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. "दोन मार्कांना येतं," यापलीकडे त्यावर कधी काही बोलले नाही.

मग माझी नऊ वर्षांची मुलगी सायकलवरून पडली. प्लास्टर निघालं तेव्हा मनगटाच्या वर सुपारीएवढं टेंगूळ होतं. डॉक्टर म्हणाले, "हाड जुळलंय. शरीर आधी घाईघाईने जास्तीचं हाड घालतं, मग पेशी ते खाऊन हाडाला आकार देतात. वेळ लागेल. चोळू मात्र नका."

आमच्या वारज्याच्या सोसायटीत एक्स-रे न बघता निदान करणारे मजल्यागणिक दोन आहेत. हिंजवडीला संगणकापुढे बसणारे एक गृहस्थ लिफ्टमध्ये म्हणाले, "मॅडम, कॅल्शियम डबल करा. बोन ग्रोथ फास्ट होते." हाड जास्त झालंय, त्यावर उपाय आणखी हाड! सासूबाईंची झेप त्याहून लांब. "अगं, हात असाच राहिला तर उद्या पोरीला कोण विचारील? हाडवैद्याकडून एकदा चोळून आण."

या सगळ्यांना मी मनातल्या मनात अडाणी ठरवलं. रोज सकाळी मुलीचा हात उजेडात धरून टेंगूळ बघत राहिले. महिना झाला तरी ते तेवढंच. माझा धीर सुटला आणि मी तिला हाडवैद्याकडे घेऊन गेले.

हाडवैद्याने गरम तेल घेऊन अंगठा रोवला. "आत्ता इरघळंल बघा, ताई." मुलगी ओरडत होती आणि तिचा दंड मीच घट्ट धरला होता.

दुसऱ्या दिवशी हात सुजला. कोवळं हाड पुन्हा दुखावलं होतं, परत प्लास्टर. डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, "आपण काय करता?"

"नोकरी," मी म्हणाले. जीवशास्त्र शिकवते म्हणायची लाज वाटली.

वर्षाने टेंगूळ जवळजवळ गेलं. सासूबाई त्याचं श्रेय अजून तेलाला देतात. मीही त्यांना काही सांगत नाही, कारण सांगायचं तर सगळंच सांगावं लागेल.

परवा मी उत्तरपत्रिका तपासत होते. मुलगी शेजारी बसून त्या वाचत होती. हाड पोखरणाऱ्या पेशींच्या त्या दोन मार्कांच्या उत्तराशी ती थांबली.

"आई, हे तुला आधीपासून माहीत होतं?"

"हो."

"मग मला तिकडे का नेलंस?"

मी तिचा हात हातात घ्यायला गेले. तिने तो मागे घेतला.