भुलीच्या डॉक्टरीणबाई

"थांबा, मी अजून हो म्हटलेलं नाही."

टेबलाच्या डोक्याकडून हे वाक्य आलं की आमच्या ऑपरेशन थिएटरात सगळ्यांचे चेहरे पडायचे. बोलणाऱ्या भुलीच्या डॉक्टरीणबाई. एक हात पेशंटच्या मनगटावर, दुसरा सर्जनसमोर आडवा. सत्तरच्या दशकात नागपूरच्या एका इस्पितळात मी थिएटरची नर्स होते. सिझेरियन म्हटलं की हा आडवा हात ठरलेला.

अशा माणसाचा राग येतो, हे तुम्हालाही ठाऊक असेल. आमच्या मोठ्या सरांना, म्हणजे मुख्य सर्जनना, तर फारच यायचा. बाई पेशंटच्या उजव्या कमरेखाली ब्लँकेटची घडी सारून तिला डावीकडे कलती ठेवत. "उताणी निजवली की पोटाचा सगळा भार पाठीजवळच्या मोठ्या शिरेवर येतो. रक्त हृदयाकडे परततच नाही," त्या सांगत.

"कलत्या पोटावर टाके तुम्ही घालणार का?" सर विचारत आणि घडी काढायला लावत.

बीपीच्या मशीनचा फुगाही हवा सोडायचा. बाई नवा मागायला गेल्या की ऑफिसातून एकच उत्तर, "जुनं चालतंय ना?" मग परत येऊन त्या त्याला चिकटपट्टी लावत बसत.

एका दुपारी कुही गावाकडची एक पहिलटकरीण आली. बाळ अडलेलं. कमरेत भूल देताना ती थरथरत होती.

"काहून घाबरून राहिली वं? मी इथंच आहो," बाई म्हणाल्या.

घडी सरांनी काढायला लावलीच होती. थोड्या वेळाने ती पुटपुटली, "बाई, मले कसंतरी होऊन राहिलं."

ओठ पांढरे पडलेले. नाडी नुसती धावत होती आणि मशीनवर प्रेशर लागेना. सरांच्या हातात सुरी होती.

"सुरी ठेवा," बाई म्हणाल्या.

"बाळाला उशीर होतोय."

"बाळाला रक्त हिच्याकडूनच जातं ना, सर?"

त्यांनी सलाईन मोकळं सोडलं, प्रेशर वाढवायचं इंजेक्शन दिलं आणि स्वतः दोन्ही हातांनी तिचं पोट डावीकडे रेटून धरलं. मी घडी सारली. हळूहळू ओठांवर रंग आला, नाडी भरली.

"आता घ्या."

मुलगी जन्मली, चांगली खणखणीत रडली. बाहेर नवऱ्याने सरांचे पाय धरले. बाई आत मशीन आवरत होत्या.

मला वाटलं, आता तरी सर ऐकतील. पुढच्याच सिझेरियनला ते म्हणाले, "काढा ती घडी."

बाई अधीक्षकांकडे गेल्या. ते म्हणाले, "मोठा माणूस आहे, जुळवून घ्या."

"मी घेईन हो जुळवून. पेशंटचं शरीर घेत नाही," बाई म्हणाल्या. काही दिवसांनी त्यांनी नोकरीच सोडली. आम्हाला नीट निरोपही घेता आला नाही.

कुहीची ती बाई पुढे पोरीला घेऊन आली.

"माह्या डोक्यापाशी बसल्या होत्या, त्या बाई कुठी हायेत जी?"

"त्या गेल्या इथून."

तिने पोरीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"मी त्यायचं तोंड उलटंच पायलं जी," ती म्हणाली. "एकडाव सरळ पाहावं म्हणून आली होती."