पितळेवर पाय देऊ नये

हॅडलीच्या सरकारी विद्यापीठात कुणालाही विचारा, हेच सांगेल. मुख्य इमारतीच्या दारात जमिनीत विद्यापीठाचं बोधचिन्ह म्हणून बसवलेल्या पितळी मुद्रेवर पदवीआधी पाय पडला, की तो विद्यार्थी नापास झालाच म्हणून समजा. पोरं चार वर्षं तिला वळसा घालतात आणि पदवीच्या दिवशी काळा झगा घालून, दोन्ही पाय तिच्यावर रोवून फोटो काढतात. ही थोर परंपरा ऑर्लिन वोंद्रा नावाच्या सफाई कामगाराने सुरू केली, आणि तीही वैतागून.

एकोणीसशे चौसष्ट सालच्या मे महिन्यात ती मुद्रा बसवली, तेव्हा ऑर्लिन बावीस वर्षांचा होता. कडेचं सिमेंट ओलं होतं आणि अख्ख्या आयोवा राज्याचा चिखल बुटांना लावून पोरं त्यावरून चालत होती. दोरी बांधली तर ओलांडत, फळी टाकली तर फळीच पळवत. एक जरी अक्षर हललं तर तुला घरी पाठवीन, असा साहेबाचा दम होता. परीक्षा तोंडावर आल्या होत्या. ऑर्लिनने चेहरा गंभीर करून दोन मुलींना सांगितलं, की हिच्यावर पाय दिलेला पोरगा म्हणे नापास होतो. फुटबॉलच्या संघातला एक धटिंगण ते ऐकून मुद्रेवर मुद्दाम नाचला आणि रसायनशास्त्रात साफ नापास झाला. त्याने वर्षभर पुस्तक उघडलं नव्हतं, पण ते कोण लक्षात घेतो? त्यानंतर सिमेंट छान वाळलं.

पुढची चाळीस वर्षं ऑर्लिनने ती मुद्रा पोटावर पालथं पडून, हात लांबवून घासली. पाय कधी दिला नाही. बायको हसायची, तू कुठल्या परीक्षेला बसलायस म्हणून विचारायची. पदवी नाही त्याने पाय द्यायचा नाही, असं तो म्हणे. स्वतःच मारलेल्या थापेला इतका इमानदार माणूस दुसरा सापडायचा नाही.

विद्यापीठाला दीडशे वर्षं होणार म्हणून इतिहासाचं जाडजूड पुस्तक निघायचं ठरलं. सत्त्याहत्तर वर्षांच्या ऑर्लिनला एकच हवं होतं: त्यात आपलं नाव यावं. एक ओळ चालेल. तो इस्त्रीचा शर्ट घालून प्रसिद्धी विभागाच्या हेन्सलीकडे गेला. हेन्सलीने कॉफी पाजली आणि मसुदा दाखवला. त्यात लिहिलं होतं, की पहिले कुलगुरू एमॉस पेल्हॅम यांनी अठराशे एकाहत्तर साली मुद्रेपाशी उभं राहून सांगितलं, ‘अज्ञानाने ज्ञानावर पाय ठेवू नये.’

“पण तेव्हा मुद्राच नव्हती. ही इमारतही नव्हती,” ऑर्लिन म्हणाला.

“परंपरेला तारखा विचारायच्या नसतात, ऑर्लिन. आणि तुमच्याकडे काही कागद आहे का?”

कागद कुठला असणार! थाप मारताना पावती कोण घेतं? आणि पेल्हॅमचा कागद कुणी पाहिला होता? पण हा प्रश्न ऑर्लिनला घरी पोचल्यावर सुचला.

त्याची नात ट्रेसा तिथेच शिकत होती, वोंद्रांच्या घरातली कॉलेजात गेलेली पहिली. नव्या मुलांना आणि पालकांना ती विद्यापीठ फिरवून दाखवायची, हेन्सलीच्या विभागाचं ते काम, त्याबद्दल वसतिगृहात तिला फुकट राहायला मिळे. मुद्रेची खरी गोष्ट ती आजोबांच्या मांडीवर ऐकत वाढली होती. ती तरी खरं सांगत असेल, म्हणून एका शनिवारी ऑर्लिन पालकांच्या घोळक्यात जाऊन उभा राहिला. मागे हेन्सली देखरेखीला उभा होता.

ट्रेसाने आजोबांना पाहिलं आणि तिची मान खाली गेली. तरी तिने पेल्हॅमची गोष्ट सांगितली, अगदी तोंडपाठ. हिला हे कुणी शिकवलं, ते ऑर्लिनला ठाऊक होतं, तरी राग तिचाच आला.

एका मुलीच्या बापाला गोष्ट पटली नाही. ऑर्लिन इथला जुना माणूस दिसतोय, असं बघून त्याने विचारलं, “काय हो काका, खरं आहे का हे?”

सगळे त्याच्याकडे वळले. ट्रेसा हातातल्या कागदाच्या उगाच घड्या घालत होती. हेन्सली दोन पावलं पुढे आला. ऑर्लिनने टोपी काढली.

“खरं आहे,” तो म्हणाला. “पेल्हॅम साहेबांचेच शब्द. मी कामाला लागलो, तेव्हा जुन्या माणसांनीच मला सांगितलं.”

लोकांनी समाधानाने माना डोलावल्या. हेन्सली त्याच्या खांद्यावर हात ठेवून, खिशातलं पेन काढत म्हणाला, “हे फार छान झालं. चाळीस वर्षं काम केलेल्या माणसाची साक्ष! पुस्तकात घालतो. तुमचं पूर्ण नाव सांगा.”

ऑर्लिनने सांगितलं.