व्याह्यांच्या मधला चेंडू

दयाराम यांनी उमेदीची सारी वर्षे उरणच्या मिठागरात मीठ ओढले आणि त्या काळात कोणाचे मन दुखवले नाही. पुढे मिठागर बुजले, मुलगा निकेत ट्रेलरच्या धंद्यात शिरला आणि दयाराम यांच्या हातांना काम उरले नाही. वडिलांचे गुडघे आखडू नयेत म्हणून निकेतने ट्रेलर उभे करण्याच्या सिमेंटच्या आवारात पांढरे पट्टे मारले, मध्ये जाळी बांधली आणि टेनिसचे मैदान करून दिले. दयाराम यांनी ही गोष्ट फार मनावर घेतली. इस्त्री केलेली अर्धी विजार घालून, चेंडूला नमस्कार केल्यावरच ते खेळावयास उभे राहत.

जोडीच्या खेळात त्यांचे जोडीदार त्यांचे व्याही अंबाजी होते. दयाराम यांची कन्या प्रणाली अंबाजींच्या घरी दिलेली आहे. दर रविवारी अंबाजी रेवसहून तरीने खाडी ओलांडून खेळावयास येत. ट्रेलरमालकांच्या वार्षिक स्पर्धेत ही जोडी दर वर्षी पहिल्याच सामन्यात हरे, आणि त्याचे कारण दयाराम यांचा फोरहँड हे होते. ते डाव्या बाजूस उभे राहत, त्यामुळे दोघांच्या मधोमध येणारा चेंडू त्यांच्या उजव्या हाताचा असे. तो त्यांना हमखास उशिरा लागे आणि शेजारच्या टायरवाल्याच्या दुकानाच्या पत्र्यावर जाऊन वाजे.

यंदा स्पर्धेच्या आधी अंबाजींनी चहाची बशी खाली ठेवली आणि अत्यंत मऊ आवाजात म्हटले, "व्याही, तुमाला उगाच तरास होतो. औंदा पन हारलो, तर पुढच्या सालापासून मी आमच्या पुतण्याला, बाळाजीला घेतो. तुमी आपले सावलीत बसा."

"जशी तुमची मर्जी," दयाराम हसून म्हणाले. त्या दिवशी ते मासळी न खाताच पानावरून उठले. त्या घरात हे मोठ्या आजाराचे लक्षण मानले जाते.

निकेतने पनवेलहून स्वप्निल नावाचा शिक्षक आणला. स्वप्निलने मूठ कशी धरावी, खांदा कसा वळवावा, पाय कोठे टाकावा हे सारे शिकवले. दयाराम यांनी भिंतीवर चेंडू मारले, उत्तम गेले. स्वप्निलसमोर मारले, तेही उत्तम गेले.

"काका, तुमचा फोरहँड एकदम सॉलिड आहे," स्वप्निल म्हणाला. "मला बोलावलंत कशाला?"

रविवारी व्याही आले आणि मधला पहिलाच चेंडू पत्र्यावर वाजला. स्वप्निलने रॅकेट बदलून पाहिली, बूट बदलून पाहिले, मारताना मोठ्याने श्वास सोडावयास सांगितले. पत्रा वाजतच राहिला.

दयाराम यांच्या पत्नी सगुणाबाई कडेला वाल सोलत बसल्या होत्या. अंबाजी पाणी पिण्यास गेले, तशा त्या म्हणाल्या, "हाताला कायबी झालं न्हाय यांच्या. चेंडू आला का हे आधी व्याह्याच्या तोंडाकडं बगतात."

"मग?" दयाराम म्हणाले. "लेकीचे सासरे हायेत ते. त्यांच्या पुढ्यातला चेंडू न इचारता कसा घेऊ?"

"तुमी इचारेपर्यंत चेंडू थांबतो का?"

दयाराम यांनी प्रामाणिकपणे विचार केला. "न्हाय थांबत," ते म्हणाले.

"काका, मग साइड बदला ना, मधला बॉल त्यांच्या फोरहँडला जाईल," स्वप्निल म्हणाला.

दयाराम यांनी कानांना हात लावले. व्याह्यांना एका जागेवरून उठवून दुसरीकडे उभे करणे त्यांच्याने होण्यासारखे नव्हते. तेव्हा सगुणाबाईंनी वालाचे सूप बाजूला सारले व निर्णय दिला: लग्नात मानपान एकदाच करतात, घासागणिक करत नाहीत; खेळातही तसेच करावे.

सामन्याच्या सकाळी पंचाने नाणे काढले, तोच सगुणाबाई ताट घेऊन मैदानात आल्या. त्यांनी अंबाजींना कुंकू लावले. दयाराम यांनी टॉवेल, टोपी व नारळ देऊन व्याह्यांना वाकून नमस्कार केला.

"व्याही, आजच्या सगळ्या चेंडूंचा मान यात आला," ते म्हणाले. "आता मी मधी इचारणार न्हाय. राग धरू नका."

अंबाजींना गहिवरून आले. पण मान घेतला की परत करावा लागतो. त्यांनी पिशवी उपसली, सगुणाबाईंसाठी आणलेली सुकटीची पुडी दयाराम यांच्या हाती ठेवली आणि आपली उन्हाची टोपी त्यांच्या डोक्यावर चढवली. मग गळाभेट झाली, मग फोटो झाला. समोरची जोडी जाळीला टेकून उभी होती.

"दादा, लगीन लागलं असंल तर खेळायचं का?" त्यांच्यातील अल्पेश म्हणाला.

खेळ सुरू झाला. पहिला चेंडू मधोमध आला. दयाराम यांचे डोळे सवयीने उजवीकडे निघाले होते, ते त्यांनी माघारी आणले. खांदा वळला, पाय पडला आणि चेंडू जाळीवरून सपाट जाऊन कोपऱ्यातील पट्ट्यावर आपटला. अल्पेश जागचा हलला नाही. टायरवाला दुकानाबाहेर येऊन आपल्या पत्र्याकडे संशयाने पाहू लागला.

सामना अटीतटीचा झाला, पण व्याह्यांच्या जोडीने जिंकला. हस्तांदोलने झाली. दयाराम घाम पुसत, अंबाजींचे बाळाजीविषयी काही म्हणणे आहे का, याची धीराने वाट पाहू लागले.

अंबाजी तरातरा त्यांच्यासमोर येऊन उभे राहिले. "काय वो, जाळीला काय चिकटून उबे ऱ्हाता?" ते ओरडले. "दोन चेंडू डोक्यावरनं गेले तुमच्या. उद्याच्या खेळाला असं केलंत तर बगा."

एवढ्या वर्षांत व्याही मानपान विसरून त्यांना प्रथमच रागे भरले होते. दयाराम यांचा चेहरा उजळला. ते लगबगीने मागे सरकले, पट्ट्यापाशी पाय रोवून उभे राहिले आणि म्हणाले, "हितं बरं हाय का?"

"अजून मागं," अंबाजी म्हणाले.