आबांच्या रताळीवरची पाखरं

“माझा नाक नुसता चष्मो ठेवूक आसा,” असं आबा नव्या माणसाला पहिल्या भेटीतच सांगून टाकत. लहानपणी देवी आल्या, त्यात त्यांना वास येणं बंद झालं ते कायमचं. शेजारी बांगडे तळले तरी त्यांना पत्ता नसे.

देवगडजवळच्या त्या गावात मी नवा ग्रामसेवक होतो. हातात कीटकनाशक पावडरीचा डबा आणि अंगात नोकरीचा जोर. आबांच्या सात ओळी रताळी. वर्षातले तीन-चार महिने एकट्या म्हाताऱ्याची चूल त्यांवरच चाले. आदल्या साली अळ्यांनी वेलांचे नुसते दोर शिल्लक ठेवले होते. म्हणून मी त्यांचाच वाफा आधी गाठला, तर म्हणतात, “थांबा सायबानू. आधी ती बाय काय करता ता बघूया.”

दिवेलागणीला ती बाय आली. मोठा करडा पतंग, मादी. पानापुढे थरथरत थांबली, मिशा फिरवल्या, एक अंडं चिकटवून पुढे गेली. पुढच्या वेलावर अळ्या होत्या. तिथून तशीच वळली.

“जंय दुसऱ्याची पोरां खाऊक बसली आसत, थंय ती आपली कित्याक ठेवतली? अळयेच्या लेंड्यांचो वास तिका लागता.”

म्हणून आबा त्या लेंड्या गोळा करून मडक्यात कुजवत आणि ते पाणी वेलांवर शिंपडत. वाडी नाकाला पदर लावी. हा गृहस्थ मडक्यात वाकून मजेत ढवळत बसे. पावसाची सर गेली की पुन्हा शिंपडणं आलं. त्यात एक दिवस चुकला नाही.

आम्ही ओळी वाटून घेतल्या. तीन माझ्या, चार त्यांच्या. माझी पावडर पहिल्या पावसात धुऊन गेली आणि ओळी खाल्ल्या गेल्या. त्यांची रताळी मात्र चांगली पोसली. मी हे सगळं वर लिहून कळवलं. साहेब खो खो हसले. “ज्याला वास येत नाही, तो वासाचं सांगतो?”

मी चिडून आबांना सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, “सायबांचा खरा आसा. सांगता ती बाय. मी खंय सांगतंय?”

इतका नितळ माणूस मी नोकरीत दुसरा पाहिला नाही.

माझी बदली झाली. दोन वर्षांनी मुद्दाम वाट वाकडी करून एका संध्याकाळी तिकडे गेलो. वेल माजले होते. तीच चार-पाच करडी पाखरं पानापानावर थांबत निवांत अंडी घालत होती. एकही वळून जात नव्हतं. मी घराची पायरी चढलोच नाही. डोळे भरून आले.

शेजारची बाई कुंपणाशी आली. “आबा गेले ता तुमका कोणी सांगला?”

मी नुसतं वाफ्याकडे बोट केलं.