तलावांची फाइल

सडक अर्जुनीजवळच्या एका खेड्यात शाळा सांभाळून सुलोचनाबाई निवृत्त झाल्या आणि गावातल्या अकरा तलावांची माहिती पुस्तकासाठी लिहायला बसल्या. तलाव कोणी बांधला, पाळ केवढी, तुडूम, म्हणजे पाणी सोडायची मोरी, कोणत्या अंगाला. दोन वर्षं खपून सगळं कॉम्प्युटरवर टाइप केलं. शेवटची पानं तपासायची राहिली होती, तोच पुण्यात त्यांची लेक रेणू पायरीवरून पडली. बाईंना निघावं लागलं.

रेणूनं फोनवर सांगितलं तसं निघण्याआधी त्यांनी घरच्या कॉम्प्युटरवर एक ॲप टाकलं. पुण्यात बसून घरचा कॉम्प्युटर चालवता येणार होता. फक्त तो चालू हवा. बाईंनी त्यावर कागद चिकटवला: बंद करू नये.

चौथ्या दिवशी गोंदियाच्या छापखान्यातून दुर्गाप्रसादचा फोन आला. "मॅडम, चार बजेपर्यंत फाइल द्या, नाहीतर काम दिवाळीनंतर."

बाईंनी रेणूच्या लॅपटॉपवर ॲप उघडलं. घरचा कॉम्प्युटर बंद. त्यांनी नवऱ्याला, कवडूंना, फोन लावला.

"काऊन बंद केला जी?"

"गरम होऊन राह्यला होता."

"कागद दिसला नाही?"

"दिसला. पन जळला असता तं मलेच बोलली असतीस."

कवडूंनी कॉम्प्युटर सुरू केला. बाईंनी जोडायचा प्रयत्न केला. नकार आला. पुन्हा केला, पुन्हा नकार.

"इथं कोनीतरी परवानगी मागून राह्यला," कवडू म्हणाले. "मी नाई म्हनतलं. अनोळखी मानसाले हो म्हनू नका, तूच सांगतलं होतं."

"ती मी आहे."

"नाव तं इंग्रजीत हाय."

बाईंनी कपाळ चोळलं. तिसऱ्यांदा परवानगी मिळाली. पडद्यावर घरचा फोल्डर दिसला, बाण फाइलकडे निघाला आणि मध्येच उलटा फिरला. कवडूंनी माउस धरला होता.

"आपोआप चालून राह्यला म्हून धरला."

"सोडा तो. हात मांडीवर ठेवा."

साडेतीन वाजले होते. बाई पानं भराभर खाली सरकवू लागल्या. तेवढ्यात तिकडे पडद्यावर तीच पानं बघणाऱ्या कवडूंचा फोनवर आवाज आला, "थांब. बोडीतलावाचं तुडूम पूर्वेले नाई, उत्तरेले हाय. माह्या आज्यानं बसवलं होतं."

"दोन वर्षं मी घरात हेच लिहीत होते. तेव्हा काऊन नाही सांगितलं?"

"तू इचारलं कुठं? पाटलाले इचारलं."

बाईंनी पूर्व खोडून उत्तर केलं आणि चारला पाच मिनिटं असताना फाइल पाठवली. दुर्गाप्रसादनं मिळाल्याचं कळवलं. बाईंनी लॅपटॉप मिटला आणि रेणूला म्हणाल्या, "दोन दिवस तुझ्या बाबांचा फोन मला देऊ नको."

दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन वाजला. पाय उशीवर ठेवून बसलेल्या रेणूनंच तो घेतला आणि आईपुढे धरला.

"पूर्ण वाचलं," कवडू म्हणाले. "आनखी सात चुका हायेत. लिहून घे."

बाईंनी ऐकून घेतलं. मग दुर्गाप्रसादचा नंबर लावला आणि छपाई थांबवायला सांगितलं.