काट्याच्या वेगानं बोलणाऱ्या इंगळे मॅडम

कोणत्याही यंत्राला वायर जोडण्याआधी इंगळे मॅडम त्याच्या पोर्टात, म्हणजे वायर खोचायच्या खाचेत, फुंकर मारत आणि विचारत, "काय म्हन्ता पाव्हने?" फुंकर अशी की बाकावरचे मातीचे नमुने उडून थेट जालन्याच्या हद्दीत पडावेत. आमच्या देऊळगाव राजाच्या कॉलेजात त्या माती परीक्षणाची प्रयोगशाळा सांभाळत. मी शेजारच्या वर्गात भौतिकशास्त्र शिकवत असे, म्हणजे भरधाव बोलत असे. माझा एक तास संपेपर्यंत बाहेर दोन पिकं निघतात, असं पोरं म्हणत. मॅडम सोनाळ्याच्या. त्यांचं एक वाक्य संपेपर्यंत चहावर साय धरे.

प्रयोगशाळेत वजनाचा एक म्हातारा इलेक्ट्रॉनिक काटा होता. वजनं हातानं न लिहिता काट्यातून थेट कॉम्प्युटरात उतरली पाहिजेत, असा नियम आला. नाही उतरली तर प्रयोगशाळेला कुलूप, आणि गावोगावच्या लोकांनी मातीच्या पिशव्या घेऊन बुलढाणा गाठायचं. नवा काटा मिळणार नव्हता. मॅडमनी अडगळीतून काट्याच्या वायरीला चालेल असा जुना, सिरियल पोर्टवाला कॉम्प्युटर उकरून काढला, वायर स्वतः डाग देऊन जोडली आणि प्राचार्यांसमोर बटण दाबलं.

काट्यावर दहा ग्रॅम माती. पडद्यावर चौकोन, प्रश्नचिन्हं आणि, शपथेवर सांगतो, दात काढून हसणारा एक चेहरा.

काटा मेला, म्हणत प्राचार्यांनी भंगारवाल्याला फोन लावला. मॅडम जागच्या हलल्या नाहीत. "काऊन घाई करून राह्यले सर? काटा बरोबर बोलून राह्यला. कॉम्प्युटर घाईनं आयकून राह्यला."

मग काट्याला जरा पळवा की, मी म्हणालो.

"त्याले त्याचा वेग बदलता येत नाही. याले येते. ज्याले येते त्यानं खाली उतराव."

त्यांनी सेटिंगमध्ये कॉम्प्युटरचा वेग खाली आणला. पडद्यावर न्हाऊनमाखून आल्यासारखा स्वच्छ आकडा उभा राहिला: दहा. प्राचार्यांनी फोन कानाला तसाच ठेवून भंगारवाल्याच्या मुलाबाळांची चौकशी केली.

माती घेऊन आलेल्या म्हाताऱ्यांना रिपोर्ट समजावताना मॅडम अशाच उतरत, पायरी-पायरीनं. मला मात्र म्हणत, "तुमचं बोलनं चौकोन-चौकोन येते, सर."

निवृत्तीनंतर त्या सोनाळ्याला परतल्या. गेल्या हिवाळ्यात अर्धांगाचा झटका आला, वाचा अर्धी गेली. मी भेटायला गेलो. एस.टी.त बसताना गुळगुळीत दाढी केली होती. उतरलो तेव्हा कंडक्टर मला बुवा म्हणत होता. बसल्या-बसल्या मी सुरू झालो: काट्यावर आता परदेशातून माती येते, काटा आता माणसाचा स्वभावसुद्धा तोलतो. मॅडम माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या. त्यांच्यापर्यंत सगळे चौकोनच पोचत असावेत. मी तोंड मिटलं.

चहा आला. त्यावर साय धरली. मग एकेक शब्द गोळा करत त्यांनी विचारलं, "काटा... चालू... हाय?"

मी खाली उतरलो.

"चालू... आहे... मॅडम."

आयुष्यात एवढं एकच वाक्य मी तिखटमीठ न लावता बोललो. त्या हसल्या. त्यांच्यापर्यंत सगळं नीट पोचलं होतं.